अमळनेर ते ऑकलंड

हॅमिल्टन, न्यूझीलंड
९ जून २०२४

समाधानभाऊ,
नमस्कार.

काल फोनवर बोलले ती मीच, चारुलता. मूळची चाळीसगावची. इथे अठरा वर्षं झाली, एका औषधांच्या दुकानात काम करते. तुमचा प्रेमराज दोन वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत भेटला. गाव विचारलं तर 'अमळनेर' म्हणाला आणि मी त्याला तिथेच अडवून धरलं. तेव्हापासून सुटीच्या दिवशी तो आमच्याकडे वरण-बट्टी खायला येतो. दवाखान्याला त्याच्या खिशात माझाच नंबर सापडला.

काल तुम्ही फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. मागून तुमच्या आई सारख्या विचारत होत्या, "काय म्हनस ती? काय म्हनस?" म्हणून मी 'पडलाय, दवाखान्यात आहे' एवढ्यावरच थांबले. नंतर तुमचा निरोप आला की खरं काय ते लिहून कळवा, फोनवर घर ऐकतं. म्हणून लिहिते.

प्रेमराज ज्या गाईंच्या शेतावर कामाला आहे तिथली जमीन चढउताराची आहे. शनिवारी सकाळी तो चार चाकांची बाईक घेऊन वरच्या बाजूला चारा टाकायला गेला. दव पडलेलं होतं. उतारावर बाईक उलटली आणि त्याच्या अंगावर आली. मालकाने बाईक बाजूला केली, हेलिकॉप्टर मागवलं. पण मार डोक्याला आहे. तो तेव्हापासून शुद्धीवर नाही. श्वास यंत्रावर चालू आहे. हृदय मात्र स्वतःचं चाललंय.

डॉक्टरीण बाई मला त्याची नातेवाईक समजून एका बाजूच्या खोलीत घेऊन गेल्या. खोलीत दोन खुर्च्या आणि कागदी रुमालांचा डबा. तो डबा बघितला तेव्हाच मला कळलं. त्या म्हणाल्या, घरचं कोणी येऊ शकत असेल तर लवकर यावं.

त्याच्याजवळ मी किंवा माझे मिस्टर असतोच. एकटा नाही तो.

चारुलता


अमळनेर
१० जून

चारुलताताईंना समाधानचा नमस्कार.

तुमचं पत्र दुकानात बसून वाचलं. माझं इथे बी-बियाण्यांचं दुकान आहे. सध्या पेरणीचे दिवस, समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्याला कोणतं बियाणं दिलं तेही आठवत नाही.

मायला सांगितलंय की पाय मोडला. भाऊंना, म्हणजे वडिलांना जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून प्रेमराज म्हणजे तिचा श्वास. तिला सांगायची हिंमत माझ्यात नाही, पूनममध्येही नाही. पूनम माझी बायको. ती काल दिवसभर मायसमोर आलीच नाही, कपडे धूत बसली.

तुम्ही लिहिलंय की हृदय स्वतःचं चाललंय. म्हणजे आशा आहे ना? आमच्याकडे एक जण पंधरा दिवस बेशुद्ध होता, उठला, आता ट्रॅक्टर चालवतो. ऑकलंडला याहून मोठा दवाखाना असेल तर हलवायला सांगा. त्याने बोट वगैरे हलवलं का, तेही कळवा.

मी नेटवर पाहिलं. मुंबई ते ऑकलंड बारा हजार तीनशे किलोमीटर, सरळ रेषेत. विमानाचा वेळ पंधरा तास दाखवतात. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की थेट विमान नाही. मग पंधरा तासांत कोण जातं? प्रेमराज मायला सांगायचा, "माय, एक दिवसाची तर वाट शे." आम्हालाही तसंच वाटायचं. त्याच्याआधी कोणी तिकडे गेलेलं नव्हतं, विचारणार कोणाला?

उत्तराची वाट बघतो. रात्रभर फोन उशाशी असतो.

समाधान


हॅमिल्टन
११ जून

समाधानभाऊ,

बोट हलवलं नाही. डोळ्यांवर उजेड टाकला तरी बाहुल्या हलत नाहीत. ऑकलंडच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिथूनच त्याच्या डोक्याचे सगळे फोटो बघितले. हलवून काही उपयोग नाही असं त्यांचं मत पडलं.

हृदयाचं मी लिहिलं त्याचा अर्थ तुम्ही आशा असा घेतला. तसा घेता यावा म्हणूनच बहुतेक मी ते वाक्य शेवटी टाकलं असणार. आता सरळ लिहिते. मेंदूला सूज आहे, ती उतरत नाही. तो उठणार नाही. घरचं माणूस येईपर्यंत यंत्र बंद करणार नाहीत, हे त्यांनी मला कबूल केलंय. पण हृदय किती दिवस साथ देईल याची हमी कोणी देत नाही. रक्तदाब औषधावर टिकवलाय.

तुमच्यापैकी कोणाकडे पासपोर्ट आहे? असेल तर तातडीच्या व्हिसासाठी दवाखाना पत्र देईल. मी आजच मागून ठेवते.

आज नर्सने त्याची दाढी केली. मी खोबरेल तेल नेलं होतं, ते डोक्याला लावू देत नाहीत, म्हणून तळपायांना लावलं.

चारुलता


अमळनेर
१२ जून

ताई,

काल जळगावला गेलो होतो. माझ्याकडे पासपोर्ट नाही. तातडीने काढतो म्हणणारा एक एजंट भेटला, आज धुळ्याला दुसऱ्याला भेटलो. दोघंही म्हणाले, पासपोर्ट आठवड्यात होईल, पण व्हिसा त्याच्यापुढे. मी दोन्हीकडे कागद दिले. दवाखान्याचं पत्र पाठवा.

डॉक्टरांना सांगा, भाऊ निघालाय. यंत्र बंद करू नका. मी हात जोडतो.

एक गोष्ट तुम्हाला लिहिली नव्हती. मायकडे पासपोर्ट आहे. व्हिसासुद्धा आहे. मागच्या दिवाळीला प्रेमराज आला होता तेव्हा त्यानेच तिला ओढून नेऊन सगळं करून घेतलं. मार्चमध्ये ती येणार होती. ऐन वेळी म्हणाली, "म्हैस व्याले टेकनी, मी काय येत नही." तिकीट काढायचं राहून गेलं. व्हिसा अजून चालू आहे, काल रात्री कपाटातून काढून बघितला.

पण तिला कसं पाठवू? बासष्ट वर्षांची बाई, अमळनेर-धुळ्यापलीकडे एकटी कधी गेली नाही. अहिराणी सोडून दुसरं बोलत नाही. आणि पाठवायचं तर आधी सांगावं लागेल. मोडलेल्या पायासाठी कोणी आईला समुद्रापार पाठवत नाही.

मीच येतो. आठ-दहा दिवस काढा कसेतरी.

समाधान


हॅमिल्टन
१३ जून

समाधानभाऊ,

आठ-दहा दिवस नाहीत.

आज औषधाचा डोस दोनदा वाढवला. आईंकडे कागद तयार आहेत आणि तुम्ही एजंटांकडे चकरा मारताय, हे वाचून मला तुमचा राग आला. नंतर वाटलं, मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं कोण जाणे. तरीही सांगते, त्यांना पाठवा. आज तिकीट काढा. काय सांगून पाठवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण बसवून द्या.

वाट अशी: मुंबईहून सकाळी निघणारं विमान संध्याकाळी सिंगापूरला पोचतं. तिथे दुसरं विमान, ते रात्रभर उडून सकाळी ऑकलंडला. तिकीट काढताना व्हीलचेअर मागा. चालता येत असलं तरी मागा. खुर्ची ढकलणारा माणूस त्यांना एका दारातून दुसऱ्या दारात नेऊन बसवतो, बोलावं लागत नाही. ऑकलंडला दारात मी उभी असेन. तिथून हॅमिल्टन दीड तास.

निघालात की कळवा.

चारुलता


मुंबई
१५ जून, दुपार

ताई,

माय विमानात बसली. साडेअकराला सुटलं.

काल दुपारी निघालो. धुळ्याहून नाशिकमार्गे गाडीने. वाटेत ती चांदवडला उतरून चहा प्यायली, बाकी काही नाही. मी सांगितलं की पायाचं ऑपरेशन आहे, दोन महिने त्याला उठता येणार नाही, करायला कोणी नाही, तू जा. ती 'बरं' म्हणाली. एवढंच. मी दिवसभर तयारी केली होती की ती काय काय विचारेल आणि मी काय काय सांगेन. तिने काहीच विचारलं नाही. मला सुटल्यासारखं झालं.

विमानतळावर आत सोडत नाहीत. खुर्ची आणली तर म्हणाली, "माले काय व्हयनं बसाले?" मग बसली. काचेतून दिसत होती. मांडीवर पिशवी घट्ट धरून. पिशवीत ज्वारीचे बिबडे, कळण्याच्या भाकरीचं पीठ आणि लिंबाचं लोणचं आहे, प्रेमराजसाठी. मी नको म्हणू शकलो नाही, नाहीतर तिला शंका आली असती. वळून तिने हात केला आणि ओरडून सांगितलं, "तू घर जाय, पेरनी दख."

आता सगळं तुमच्या हवाली. तिला दवाखान्यात पोचल्यावरच सांगा. आधी नको. आधी तिला तो दिसू दे.

समाधान


हॅमिल्टन
१६ जून, सकाळ

समाधानभाऊ,

प्रेमराज गेला. पहाटे. हृदय आपलं आपणच थांबलं. त्यांनी प्रयत्न केले, मी बाहेर उभी होते, दार उघडंच होतं.

आई अजून विमानात आहेत. तीनेक तासांत उतरतील. त्यांना कळवायची काही सोय नाही, आणि असती तरी मी कळवलं नसतं.

फोन केला तर तुम्ही घरात असाल आणि सगळ्यांसमोर रडाल, पूनमताईंना, शेजाऱ्यांना कळेल, आणि कुणीतरी आईंच्या फोनवर करेल. म्हणून लिहून पाठवते. वाचलंत की एकटे बसा थोडा वेळ.

मी आता ऑकलंडला निघते. त्यांना काय सांगू ते एका ओळीत कळवा. गाडीत वाचेन.

चारुलता


अमळनेर
१६ जून

झोपलाय म्हणून सांगा. दवाखान्यात नेईपर्यंत सांगू नका. हात जोडतो.

स.


हॅमिल्टन
१७ जून

समाधानभाऊ,

काल संध्याकाळी आई तुमच्याशी दोन मिनिटं बोलल्या आणि फोन माझ्याकडे दिला. तुमचा नुसता श्वास ऐकू येत होता. काय घडलं ते तुम्हाला नीट कळायला हवं.

विमान वेळेवर उतरलं, पण त्या बाहेर यायला खूप वेळ लागला. या देशात बाहेरची माती, बी, खाणं काही आत येऊ देत नाहीत. त्यांची पिशवी उघडली. बिबडे, पीठ, लोणचं सगळं काढून घेतलं. चपलेच्या तळाला शेतातली माती होती, ती दिसल्यावर तिथल्या बाईने चपला आत नेऊन ब्रशने धुतल्या आणि पुसून परत दिल्या. तोपर्यंत आई अनवाणी उभ्या.

मी दाराशी उभी होते. तुमची ओळ वाचलेली होती. 'झोपलाय' हा शब्द तोंडात तयार ठेवला होता.

त्या खुर्चीतून आल्या. मला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण सरळ माझ्याकडे बघितलं. मी पुढे होऊन पाया पडायला वाकले, तर माझा खांदा धरला आणि विचारलं,

"शे का गया?"

आहे की गेला. एवढंच. खुर्ची ढकलणारा मुलगा मागे उभा होता. मला अहिराणी बोलून किती वर्षं झाली असतील. तोंडातून निघून गेलं, "गया, माय."

भाऊ, मी तुमचं ऐकलं नाही. पण त्या नजरेपुढे तुम्हीही खोटं बोलला नसता.

त्या रडल्या नाहीत.  लोक बाजूने जात होते. मग म्हणाल्या, "चाल. दखाड माले."

गाडीत बऱ्याच वेळाने मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाल्या, "पाय मोडना ते तोंडले काय व्हयनं? पोऱ्या फोनवर का बोलना नही?" पहिल्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं होतं. पाय मोडलेला मुलगा आईशी फोनवर बोलत नाही, हे कसं? पण तुमचा चेहरा बघून त्या गप्प बसल्या. म्हणाल्या, समाधान इतक्या कष्टाने लपवतोय, त्याला लपवू द्यावं. कोणाकडे बघून तरी घर चालायला हवं.

मग विचारलं, "कव्हय?"

मी सांगितलं, पहाटे. तुम्ही समुद्रावर होतात. त्यांच्यासमोरच्या पडद्यावर विमानाचा नकाशा होता म्हणे. अक्षरं कळत नव्हती, पण आकडा कमी कमी होत जातोय एवढं कळत होतं, त्या रात्रभर तो आकडा बघत बसल्या होत्या. बाहेर हिरव्या टेकड्या, त्यांच्यावर गाई. त्या खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "तो घर निंघना, मी आठे निंघनू. वाटमा चुकामूक व्हयनी."

दवाखान्याने त्याला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. नळ्या काढून टाकलेल्या. मी दार लावून बाहेर बसले.  खूप वेळाने दार उघडलं तेव्हा त्यांनी त्याची नखं कापलेली होती. नर्सकडे हातवारे करून कात्री मागून घेतली होती.

रात्री आमच्याकडे थोडा भात खाल्ला. झोपल्या.

चारुलता


अमळनेर
१८ जून

चारुलताताई,

ओट्यावर माणसं बसून आहेत. मामा आले, रावेरहून आत्या आली, गाव येतंय-जातंय. सगळे एकच विचारतात, कधी आणताय? मी आज मुंबईच्या एका माणसाशी बोललो. तो परदेशातून मयत आणायचं काम करतो. तिकडचे कागद झाले की विमानाने मुंबई, तिथून शववाहिका. भाऊंना जिथे अग्नी दिला तिथेच, बोरी नदीच्या काठी, त्याला द्यायचा. मी मोठा भाऊ आहे. अग्नी मी देणार.

मायचा काल फोन आला की तिकडेच करायचं. ती असं बोलणार नाही. तुम्ही तिला काय सांगितलंत? तुम्हाला तिकडे अठरा वर्षं झाली, तुमचं इथलं काही राहिलं नसेल. आमचं राहिलंय. माझ्या भावाला परक्या मुलखात यंत्रात घालून जाळायचा सल्ला द्यायला तुम्ही आमच्या कोण लागता?

मी सांगितलं होतं, दवाखान्यात पोचेपर्यंत बोलू नका. तेही तुम्ही ऐकलं नाही.

त्याला पाठवा.

समाधान


हॅमिल्टन
१९ जून

हे पत्र आईंचं आहे. त्या अहिराणीत बोलल्या, मला अहिराणी लिहिता येत नाही, म्हणून जमेल तसं मराठीत उतरवलं. माझ्याकडून काही घातलेलं नाही.

समाधानला आशीर्वाद.

या बाईवर ओरडू नको. तिने मला काही शिकवलं नाही. तुझं पत्र मी तिच्याकडून वाचून घेतलं. ती वाचायला तयार नव्हती, मी वाचायला लावलं.

मी डॉक्टरीणबाईला विचारलं, त्याला घरी न्यायला किती दिवस लागतील? ती म्हणाली, तपासणीचे कागद, मग औषध भरणार, मग पेटी बंद करणार. दहा-बारा दिवस. मग विमानाच्या पोटात, सामानात. मी त्या विमानातून आले, रे. वर बसून आले. पायाखाली काय असतं ते मला आता माहीत आहे. त्याला तिथे घालून मी वर खुर्चीत बसून येऊ? ते माझ्याने व्हायचं नाही.

आणि तू पेटी उघडशील. तू उघडल्याशिवाय राहणार नाहीस, मी तुला ओळखते. दहा-बारा दिवसांनंतरचं तोंड बघशील आणि जन्मभर तेच तुझ्या डोळ्यांपुढे राहील. तुझ्याजवळ दिवाळीतला प्रेमराज आहे. तोच ठेव. इथला मी बघितला, तो माझ्याकडे राहू दे. दोघांनी बघायची गरज नाही.

अग्नी तू द्यायचास, हे खरं आहे. तुझा हक्क मी घेते आहे. तुला राग येईल. ये म्हणावं त्याला.

ओट्यावरच्या माणसांना सांग, आईने ठरवलं. त्यांना काही म्हणायचं असेल तर मी आल्यावर म्हणावं.

म्हशीला पेंड दे. पूनमला सांग, रात्री एकटी बसू नको, पोरांजवळ झोप.

तुझी माय, भागाबाई
(अंगठा नाही, सही आहे. प्रेमराजने दिवाळीत पासपोर्टसाठी शिकवली.)


हॅमिल्टन
२२ जून

समाधानभाऊ,

काल झालं. इथल्या माणसाने मोबाइलवर चित्रीकरण केलं, त्याचा दुवा खाली दिला आहे. बघायचं असेल तेव्हा बघा. नाही बघितलं तरी चालेल.

आईंचं परतीचं तिकीट ४ जुलैचं मिळालं. अस्थी हातातल्या सामानात नेता येतात, त्याचं प्रमाणपत्र घेतलंय. त्या मांडीवरच ठेवणार म्हणतात.

चारुलता


अमळनेर
२० ऑक्टोबर

चारुलताताई,

चार महिने तुम्हाला काही लिहिलं नाही. माय सुखरूप पोचली एवढाही निरोप मी दिला नाही, तो पूनमने दिला. तुम्हाला जे बोललो ते माणसाने माणसाला बोलू नये. माफ करा म्हणायला तोंड नाही, तरी म्हणतो.

अस्थी तापीला सोडल्या. मायने पेरणीनंतरची निंदणी केली, कापसाला फवारणी करून घेतली, दसऱ्याला दारात बसून तोरण केलं. गावात बायका कुजबुजल्या की हिने पोराला परमुलखात जाळलं. ती पाणवठ्यावर सगळ्यांसमोर म्हणाली, हो, जाळलं, तुम्हाला कोणाला यायचं होतं का? तेव्हापासून कोणी बोलत नाही.

मी रात्री हिशोब करतो. मायचा पासपोर्ट पहिल्याच दिवसापासून कपाटात होता. रविवारी तुमचं पत्र आलं. मी सोमवारी तिला सांगितलं असतं तर बुधवार-गुरुवारपर्यंत ती त्याच्याजवळ असती. तो जिवंत असता. ऐकू आलं नसतं त्याला, पण हात गरम असता. विमानाला एकच दिवस लागला, ताई. बाकीचे दिवस मला लागले.

माय यातलं काही बोलत नाही. एकदाही बोलली नाही. तेच मला सहन होत नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ते चित्रीकरण मी अजून उघडलेलं नाही. उघडवत नाही. तुम्ही तिथे होता. त्या दिवशी काय काय झालं ते मला लिहा. वाचणं मला जमेल असं वाटतं. काही गाळू नका.

समाधान


हॅमिल्टन
२२ ऑक्टोबर

समाधानभाऊ,

माफीचं राहू द्या. तुमच्या जागेवरून तेच बोललं जातं.

तुम्ही म्हणालात तसं, काही गाळत नाही.

सकाळी पाऊस होता. आई, मी, माझे मिस्टर, गाईंच्या शेताचा मालक, आणि तिथे प्रेमराजबरोबर काम करणारी तीन पोरं. मालक दाराशीच थांबला, आत यायला त्याची हिंमत होईना. आईंनी त्याला हाताने खुणावून आत घेतलं आणि बसवलं. तो पूर्ण वेळ रडत होता. आई त्याच्याकडे बघत होत्या. त्याला माफ केलं की नाही ते मला सांगता येणार नाही. नंतर मी विचारलं नाही.

प्रेमराजला धोतर नेसवायचं होतं, इथे मिळालं नाही. माझ्या मिस्टरांची पांढरी सुती लुंगी नेसवली. कुंकू, तांदूळ, तुळशीचं पान, थोडं तूप. तुळस आमच्या घरातल्या कुंडीतली. मंत्र म्हणायला ऑकलंडचे एक गुरुजी आले होते.

गुरुजींचं झाल्यावर त्यांनी विचारलं, कोणाला काही बोलायचंय का? आई पुढे झाल्या. पेटीच्या कडेला हात ठेवून त्याच्याशी बोलायला लागल्या. हळू नाही, घरात बोलतात तशा आवाजात. मी जवळ होते, सगळं ऐकलं.

म्हणाल्या, म्हैस व्याली, पारडी झाली. पाऊस अजून पडला नाही, धुळवाफ पेरणी करून ठेवली आहे. पूनमची धाकटी आता चालते, तुझ्या फोटोला काका म्हणते. मी विमानात बसून आले, भीती वाटली नाही. तुझा देश बघितला, बरा आहे, पण थंडी फार. तुला इथे स्वेटर पुरत असेल की नाही, कोण जाणे.

मग म्हणाल्या,

"तुना भाऊ माले लबाड बोलना. त्यानावर राग धरू नको. भ्याई गयथा तो. मी बी राग धरेल नही."

तुम्ही भ्यालात म्हणून खोटं बोललात आणि त्यांनी राग धरलेला नाही, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, तुम्हालाही सांगितलं नसणार. त्याला सांगितलं. म्हणजे त्यांच्या दृष्टीने झालं ते. आता पुन्हा बोलायचं कारण उरलं नाही. शिव्यांची वाट बघू नका, भाऊ. त्या यायच्या नाहीत.

मग त्यांनी माझ्याकडे न बघता हात वर केला आणि झाकण लावलं गेलं. पेटी आतल्या लोखंडी दारापाशी गेली. तिथल्या माणसाने भिंतीवरचं हिरवं बटण दाखवलं. आईंनी पदर खोचला, पुढे गेल्या आणि अंगठ्याने ते दाबलं.

दार उघडलं, पेटी आत गेली, दार लागलं. त्या दाबूनच उभ्या राहिल्या. तो माणूस हलक्या आवाजात म्हणाला, एकदा दाबलं की पुरे असतं. मी ते अहिराणीत सांगितलं. त्यांनी अंगठा काढला नाही. आम्ही सगळे मागे उभे होतो. शेवटी मी जाऊन त्यांचा हात धरला, तेव्हा तो इतका ताठ झाला होता की बोटं एकेक करून सोडवावी लागली.

चारुलता